काटा कुठं आहे ते बघा

अ‍ॅम्ब्युलन्स बघायला गेलात तर आधी मागचं दार उघडायला लावून ऑक्सिजनच्या सिलिंडरपाशी जावं. टपावरचा दिवा, बाजूची लाल पट्टी, बॉनेटवरची उलटी अक्षरं हे सगळं रंगाऱ्याकडून होतं. सिलिंडरच्या मीटरवरचा काटा मात्र खरं सांगतो. १० लिटर मापाचा 'बी टाइप' सिलिंडर पूर्ण भरलेला असला की काटा १५० वर असतो आणि आत साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर अडीच तास पुरतो. काटा ५० वर असेल तर ५० मिनिटं. कवठे महांकाळहून मिरज ३५-४० किलोमीटर. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आता रुंद झालाय, पण पेशंट ढालगावकडच्या एखाद्या वस्तीवरून उचलायचा असेल तर हिशेब वस्तीपासून धरायचा, आणि मिरजेत दवाखान्याच्या दारात खाट मिळेपर्यंतचा वेळही त्यात घालायचा.

मेहुण्याची द्राक्षबाग तालुक्याच्या पूर्व भागात. घरात दोन म्हातारी माणसं, एकाला दम्याचा त्रास. रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा हे दिवसाउजेडी ठरवावं, म्हणून त्याच्याबरोबर गाड्या बघत हिंडलो. एका ड्रायव्हरला विचारलं, मागं पेशंटजवळ कोण बसतं? तो हसला. "पावणं, लोकं भाडं किती एवढंच इचारत्यात. मागं तुमचंच कोणतरी बसायचं की!"

हेच ऐकायचं नव्हतं. या भागात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी माणसं अजून खूप, आणि मण्यार चावते ती अशाच झोपलेल्या माणसाला. दंश नीट दिसतही नाही. काही तासांत पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि मग श्वासाचे स्नायूच दमतात. तालुक्याला लस टोचून पेशंट मिरजेला धाडला, तरी वाटेत श्वास थांबला तर नुसता ऑक्सिजनचा मास्क उपयोगाचा नाही. अम्बू बॅग तोंडावर घट्ट धरून पाच-सहा सेकंदांना एकदा दाबावी लागते, मान योग्य कोनात ठेवावी लागते, तोंडातली लाळ सक्शननं ओढावी लागते. धावत्या गाडीत हे रडणाऱ्या मुलाला किंवा चुलत्याला जमणार नाही. त्यासाठी शिकलेला माणूस लागतो, आणि तो त्या रात्री ड्यूटीवर असावा लागतो. दुसऱ्या एका गाडीतल्या पोराला मी अम्बू बॅग दाखव म्हटलं. त्यानं पिशवी काढली, व्हॉल्व्ह बसवला, तळहातावर दाबून हवा येते का ते बघितलं आणि लहान मुलांचा मास्क वेगळा ठेवलाय हेही न विचारता दाखवलं. प्रमाणपत्राची प्रत नंतर मागितली. आधी हात बघावेत असं माझं मत झालंय.

गाड्यांचे प्रकार केंद्र सरकारच्या एआयएस-१२५ या मानकात ठरवून दिलेत. 'बी' म्हणजे तब्येत स्थिर असलेल्या पेशंटची नुसती ने-आण, 'सी' म्हणजे प्राथमिक जीवरक्षक सोयी, 'डी' म्हणजे व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर असलेली प्रगत गाडी. लोक सगळ्यांनाच 'कार्डिअ‍ॅक' म्हणतात आणि भाडंही तसंच सांगितलं जातं. गाडीचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाकला की वाहनाचा वर्ग, फिटनेसची मुदत, विम्याची मुदत समोर येते. तिथं वर्ग रुग्णवाहिका नसून साधी प्रवासी गाडी दिसली, तर तिच्यात खाट बसवलीय एवढंच समजायचं. भाड्याचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं, तेव्हा दरपत्रक मागायला लाजू नये. किलोमीटर जाऊन-येऊन धरणार का, थांबण्याचे वेगळे घेणार का, हे आधीच विचारावं.

'सर्व विमा कंपन्यांना मान्य' अशी पाटीही एका गाडीवर दिसली. त्या पाटीवर माझा विश्वास नाही. विमा कंपनी बघते ती पावती: गाडीचा नंबर, तारीख-वेळ, कुठून कुठं, आणि पेशंट दवाखान्यात दाखल झाला का. मिळणारी रक्कमही बेताचीच. आरोग्य संजीवनी पॉलिसीत एका भरतीमागे अ‍ॅम्ब्युलन्सचे जास्तीत जास्त २,००० रुपये. डिस्चार्जनंतर घरी परतायचं भाडं बहुतेक पॉलिसींत बसत नाही. खरा फटका वेगळाच बसतो. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना सुरू केला तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव. एवढी दारं असली की ड्रायव्हर 'माझ्या ओळखीचे डॉक्टर हायत' म्हणून गाडी तिसरीकडेच वळवू शकतो, आणि तो दवाखाना कॅशलेसच्या यादीत नसला तर लाखाच्या बिलापुढं दोन हजारांची पावती काय कामाची! दवाखान्याचं नाव घरूनच पक्कं करून निघावं.

एवढं सगळं सांगितलं, तरी पहिला फोन १०८ लाच. ही सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ प्रगत. पैसे लागत नाहीत, आणि मागं डॉक्टर असतो, बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर. खासगी सेवांत तालुक्याच्या गावी हे दुर्मीळ. गरोदर बाईसाठी १०२. अडचण एवढीच की ती गाडी दुसऱ्या अपघाताला गेलेली असू शकते. अशा वेळी खासगी नंबर हवाच.

मेहुण्यानं तो नंबर त्या अम्बू बॅगवाल्या पोराचा घेतला. त्या गाडीच्या ड्रायव्हरनंही भाड्याचं बोलायच्या आधी वस्तीची चौकशी केली. म्हैसाळच्या कॅनॉलच्या अलीकडं का पलीकडं? पूल कुठला धरायचा? रात्री फाट्यावर बॅटरी घेऊन कोण उभं राहील? मग मेहुण्याकडं बघून म्हणाला, "दारात ट्रॅक्टर असंलच. ट्रॉली आडवी लावू नका, गाडी वळत न्हाई."