अमेरिकेच्या ऊस पट्ट्याशेजारी ब्रह्मदेशचा अजगर



तोडणी होत आली आणि फडाच्या शेवटच्या चार सऱ्या उरल्या की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. उंदीर, घुशी, मुंगूस, साप अशी सगळी मंडळी त्या चार सऱ्यांत गोळा झालेली असते. साप दिसला की आरडाओरडा, आणि मग काठी. धामण आहे की घोणस, एवढं पाहायची उसंत कुणाला नसते. आपल्याकडे साप मारणं हा कायद्याने गुन्हा आहे. परंतु जगात एक ऊस पट्टा असा आहे, की त्याच्या शेजारी साप धरण्यासाठी सरकारच फुटावर पैसे मोजतं. त्याची ही हकीकत.

अमेरिकेच्या आग्नेय टोकाला फ्लोरिडा राज्य आहे. तिथे ओकीचोबी नावाच्या मोठ्या सरोवराच्या दक्षिणेला काळी, दलदलीची जमीन. कालवे खोदून, पाण्याचा निचरा करून तिथे चार लाख एकरांच्या वर ऊस उभा केलेला आहे. बेल ग्लेड गावी ऊस उत्पादकांची सहकारी संस्थाही आहे, १९६० सालची. (आपला प्रवरानगरचा कारखाना त्याच्याही दहा वर्षं आधीचा, हे जाता जाता.) या उसाच्या खाली, समुद्रापर्यंत पसरलेली एव्हरग्लेड्सची पाणथळ. अजगराचं राज्य आहे ते तिथे.

हा अजगर मूळचा तिथला नव्हे. तो ब्रह्मदेशाकडचा, आपल्या ईशान्य भारतातही आढळणारा. अमेरिकेत हौशी लोक साप पाळतात. १९९६ ते २००६ या काळात सुमारे ९९ हजार ब्रह्मी अजगर त्या देशात आयात झाले. पिल्लू हातभर असतं तोवर कौतुक. काही वर्षांत दहा फुटांचं धूड झालं की मालक घाबरतो आणि रात्री गुपचूप कालव्यात सोडून येतो. त्यात १९९२ च्या चक्रीवादळात साप पैदाशीचं एक केंद्रही उद्ध्वस्त झालं. २००० साली तज्ज्ञांनी मान्य केलं, की अजगर आता रानातच वंश वाढवतोय. आयातीवर बंदी आली २०१२ साली. घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप!

त्याच वर्षी एक पाहणी प्रसिद्ध झाली. रात्री रस्त्याने फिरून जनावरं मोजायची, अशी साधी रीत. पूर्वीच्या मोजणीशी ताडून पाहिलं तर रॅकून नावाचं, उदमांजरासारखं जनावर ९९ टक्क्यांहून अधिक घटलेलं, रानमांजर ८७ टक्क्यांनी, आणि पाणथळीतला ससा तर एकही दिसला नाही.

आकारही ऐका. २०२३ साली धरलेला अजगर १९ फुटांचा होता, म्हणजे आपल्या उभ्या आडसाली उसापेक्षा लांब. २०२२ साली जाहीर झालेली एक मादी साडेसत्त्याण्णव किलोची, क्विंटलाला अडीच किलो कमी! तिच्या पोटात १२२ अंडी निघाली. तरीही गवतात हा साप दिसत म्हणून नाही. २०१३ साली शिकारीची स्पर्धा लावली, सुमारे १६०० लोक उतरले, महिनाभरात सापडले किती, तर ६८. मग २०१७ पासून ठेकेदार नेमले. तासाची मजुरी, वर चार फुटांपर्यंतच्या सापाला ५० डॉलर, पुढच्या प्रत्येक फुटाला २५. दहा फुटी साप आणला की २०० डॉलर.

आता गंमत पाहा. त्याच २०१७ साली तिकडच्या लोकांनी तामिळनाडूतून इरुळा जमातीची दोन माणसं बोलावली, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल. तिथले शिकारी मोटारीतून बांधाच्या रस्त्याने फिरत. हे दोघे झाडीत शिरून सापाच्या सरपटण्याच्या खुणा वाचत. पहिल्या पंधरवड्यातच १३ अजगर धरले. त्यातली एक मादी १६ फुटी, जुन्या क्षेपणास्त्र तळाच्या पडक्या बांधकामातून काढलेली. २०२३ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

या इरुळांची चेन्नईजवळ साप पकडणाऱ्यांची सहकारी सोसायटी आहे, १९७८ पासूनची. साप धरायचा, विष काढायचं आणि परत रानात सोडायचा. घोणस चावल्यावर दवाखान्यात जे इंजेक्शन टोचतात, त्यासाठी लागणारं बरंचसं विष हीच सोसायटी पुरवते. आपल्या कोयत्यावरच्या माणसाचा जीव दुसऱ्या एका सहकारी संस्थेमुळे वाचतो, हे माझ्याही उशिरा ध्यानात आलं.

फ्लोरिडात अजगर एकटा नाही. हिरवा इग्वाना हा मोठा सरडा कालव्यांच्या बांधात बिळं पाडून भराव पोकळ करतो. आपल्याकडे घूस पाटाचं काय करते ते आठवा.

आणि यात ऊसवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसातला भुंगेरा खाईल म्हणून शंभरेक विषारी बेडूक हवाईहून आणून सोडले. बेडकांनी भुंगेरा सोडून बाकी सगळं खाल्लं, आणि आज ते तिथली डोकेदुखी आहेत. उंदरांसाठी १८७२ साली जमेकाच्या उसात नेलेलं मुंगूस तर आपल्याच देशातलं.

उलट दिशेनेही माल येतो. अमेरिकेचं लाल कानाचं कासव शहरातल्या दुकानांत रुपयाएवढं असताना विकलं जातं. शुभ म्हणून लोक मुलांसाठी आणतात. ते ताटाएवढं झालं की विहिरीत, नाहीतर देवळाच्या तळ्यात सोडून देतात. तिथे ते आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. कुणाच्या घरी असेल तर पाण्यात सोडू नका. वनखात्याच्या १९२६ या नंबरावर फोन करून विचारा.

आणि मुकादमाला एक सांगून ठेवा. शेवटच्या सऱ्या चारी बाजूंनी घेरू नयेत, बांधाकडची एक बाजू मोकळी ठेवावी. धामण आपली आपण निघून जाते, आणि पुढच्या खोडव्यातले उंदीर खायला परत येते.