दोन चांगल्या गोळ्या आणि राहून गेलेली रक्ततपासणी

सप्टेंबर १९९९ मध्ये 'रेल्स' चाचणीचे निष्कर्ष छापून आले. १५ देशांतले १,६६३ रुग्ण, सगळ्यांचं हृदय कमजोर झालेलं. एनलाप्रिलसारख्या गोळीच्या जोडीला रोज २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन दिलं, तर मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटत होता. जुनी, स्वस्त गोळी! डॉक्टर ती भराभर लिहू लागले, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. औषध जीव वाचवणारं होतं, आजही आहे.

धोका जोडीत होता. या दोन्ही गोळ्यांमुळे लघवीवाटे जाणारं पोटॅशियम अंगातच राहतं. मूत्रपिंडं धड असतील तर निभावतं. वयानं, मधुमेहानं थकलेली असतील तर पोटॅशियम चढत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतातही. आधी रुग्णाला फारसं काही जाणवत नाही. चाचणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) अडीचच्या वर असलेल्यांना घेतलंच नव्हतं आणि रक्त ठरल्या वेळी तपासलं जात होतं. गावोगावच्या दवाखान्यांत गोळी पोचली, ती शिस्त मागे राहिली.

२००४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियोचे आकडे आले. एनलाप्रिलच्या जातीची गोळी घेणाऱ्या, हृदय कमजोर असलेल्या वृद्धांपैकी १९९४ मध्ये हजारी ३४ जणांना स्पायरोनोलॅक्टोन मिळत होतं; २००१ च्या अखेरीस १४९ जणांना. पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होणारे हजारी २.४ वरून ११ वर गेले, त्यातले मृत्यू ०.३ वरून २ वर.

मला मात्र २०१० चा स्कॉटलंडमधल्या टेसाइडचा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. तिथेही गोळीचा वापर वाढला, पण रक्ततपासण्याही वाढल्या, आणि ऑन्टारियोसारखी लाट आली नाही.

आपल्याकडे या जोडीत घरातून भर पडते. बीपी आहे म्हणून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट उलटून पाहा: पोटॅशियम क्लोराइड. अशक्तपणा वाटला की शहाळं, त्यातही पोटॅशियम. गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, ज्यानं मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं. हृदयाच्या डॉक्टरांना यातलं कुणी सांगत नाही, कारण हे 'औषध' म्हणून कुणी मोजतच नाही.

ही जोडी सुरू झाली की आठवड्यानं आणि पुन्हा महिन्यानं पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासायचं. पुढे डॉक्टर सांगतील तसं, दर काही महिन्यांनी. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.