पाळणा हलेना, तर दवाखान्यात दोघांनी जा

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की गावात कुजबुज सुरू होते. सासू नवस बोलते, कुणी देवऋषी सुचवतो. शेवटी सुनेला आईसोबत एस.टी.त बसवून तालुक्याच्या दवाखान्यात धाडतात. पोरगा मात्र रानात. तपासणीचे नाव काढले तर म्हणतो, "मला काय धाड भरलीय? मी चांगला धडधाकट हाय."

सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघतो. बियाणे न तपासता रानाला नावे ठेवणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. घरात मात्र नेमके तेच चालते.

मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा बाईकडच्या कारणासोबत. वर्षभर संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासून घ्यावे. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी आणि कमी खर्चाची आहे. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, एवढेच पथ्य. एक अहवाल खराब आला म्हणून खचू नये, तपासणी पुन्हा करतात. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणून तंबाखू, गुटखा, दारू आज सोडली तरी गुण लगेच दिसत नाही.

सुया बाईलाच

प्रत्येकाला टेस्ट ट्यूब बेबीची गरज पडत नाही. पुष्कळांचे काम गोळ्यांवर किंवा साध्या उपचारांवर भागते. हा उपचार आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून असे बाळ जन्मले. पण त्यात दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने, वरचेवर सोनोग्राफी आणि भूल देऊन बीजे काढणे असते. दोष नवऱ्यात असला तरी सुया बाईलाच टोचून घ्याव्या लागतात. हे घरातल्यांनी लक्षात ठेवले, तर निम्मे बोलणे आपोआप बंद होईल.

नवऱ्याने प्रत्येक खेपेला सोबत जावे. काही इंजेक्शने थंड ठेवावी लागतात. घरी फ्रीज नसेल किंवा वीज फार वेळ जात असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगावे आणि बर्फाच्या डब्याची सोय करावी. या दिवसांत तिला जड ओझे उचलू देऊ नये. पोट एकदम फुगले, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना कळवावे.

गर्भ सोडल्यावर निकालाला साधारण दोन आठवडे लागतात. या काळात "काय झालं गं?" म्हणून रोज विचारू नये. पुष्कळदा अपयश येते. ते आले तर "तुझ्यामुळं पैसा गेला" हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. किती वेळा करायचे आणि किती खर्चायचे हे दोघांनी आधीच ठरवावे. रान गहाण टाकण्याची वेळ मग येत नाही. दत्तक मूल घेण्याची कायदेशीर वाटही आहे.

दवाखाना पारखून घ्या

२०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र बघायला मागावे. बाईचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. "मुलगाच देतो" असे सांगणारा कायदा मोडतो, त्याच्या दारात उभे राहू नये.

गावाचेही काम आहे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मूल नसलेल्या बाईला ओटीभरणात, डोहाळजेवणात मागे सारण्याची रीतही तशीच ठराव करून बंद करता येईल. सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी हा विषय ग्रामसभेत काढावा. "वांझ" हा शब्द गावातून गेला, तर दवाखान्याची वाट धरणाऱ्या जोडप्याला तोंड लपवून पहाटेची एस.टी. पकडावी लागणार नाही.