ईम गावचे दोन धर्मगुरू

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील डोंगराळ भागात ईम नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील चर्चच्या आवारात सुमारे आठव्या शतकातील कोरीव दगडी क्रूस उभा आहे. तथापि हे गाव प्रसिद्ध झाले ते १६६५-६६ च्या प्लेगमुळे.

लंडनहून एका शिंप्याकडे आलेल्या कापडातून सप्टेंबर १६६५ मध्ये रोग गावात शिरला, अशी परंपरा आहे. हिवाळ्यात तो काहीसा ओसरला. १६६६ च्या उन्हाळ्यात पुन्हा भडकला. लोक गाव सोडून निघाले असते, तर शेजारच्या गावांतही मृत्यू पोहोचला असता.

त्या वेळी गावात दोन धर्मगुरू होते. विल्यम मॉम्पेसन हे नुकतेच नेमलेले, वयाने तरुण. त्यांच्या आधीचे टॉमस स्टॅन्ली यांना १६६२ च्या एकरूपतेच्या कायद्यास संमती न दिल्यामुळे सेवा सोडावी लागली होती. पण लोकांचा विश्वास त्यांच्यावरच अधिक होता. प्रार्थनापुस्तकाविषयीचा मतभेद मिटलेला नसताही दोघे एकत्र आले. त्यांनी लोकांपुढे तीन गोष्टी ठेवल्या: ज्याने त्याने आपले मृत आपल्याच शेतात वा परसात पुरावेत, चर्च बंद ठेवून उपासना मोकळ्या दरीत करावी, आणि कोणीही गावाची शीव ओलांडू नये. लोकांनी हे मान्य केले. डेव्हनशायरच्या अर्लने अन्न पुरविले. शिवेवरच्या दगडातील खळग्यांत व्हिनेगार घालून त्यात नाणी ठेवीत व बाहेरचे लोक तेथे जिन्नस ठेवून जात.

नोव्हेंबर १६६६ पर्यंत, परंपरागत गणनेनुसार, सुमारे २६० माणसे दगावली. एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आठ दिवसांत पती व सहा मुले स्वहस्ते पुरली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन ऑगस्टमध्ये निवर्तली.

ही कथा सांगताना तिला नको तेवढी झळाळी देऊ नये. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच बाहेरगावी पाठविली होती. ज्यांना शक्य होते अशी काही कुटुंबेही निघून गेली होती. मागे राहिले त्यांत पुष्कळ जण असे होते की, ज्यांना जाण्यास दुसरे ठिकाणच नव्हते. म्हणून त्यांचा त्याग लहान ठरत नाही. पण तो कोणाकडून मागितला गेला, हे धर्मसेवकाने विसरू नये.

आजही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईमचे लोक त्यांचे स्मरण करतात. योहानाच्या दहाव्या अध्यायातील मेंढपाळ व मोलकरी यांच्यावर उपदेश करताना मॉम्पेसन यांच्याबरोबर स्टॅन्ली यांचेही नाव घ्यावे. पद व वेतन दोन्ही गेल्यावरही ते आपल्या कळपापाशीच होते.