कंपनीचें वय

गेल्या वर्षीं नववींतील एका विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न विचारला. वालचंदनगर इंडस्ट्रीज ही कंपनी १९०८ सालची आहे असें त्यानें कोठेंसें वाचलें होतें. परंतु त्याच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणें वालचंदनगरचा साखर कारखाना १९३४ च्या सुमारास उभा राहिला. त्यापूर्वीं तेथें कळंब गांवचें माळरान होतें, वालचंदनगर हें नांवहि नव्हतें. "सर, मग कंपनी आपल्या गांवापेक्षां पंचवीस वर्षांनीं मोठी कशी?" या प्रश्नाचें उत्तर मला वर्गांत धड देतां आलें नाहीं. तें आतां सावकाश देतों. टेंभुर्णीपुढें भीमा ओलांडली कीं इंदापूर तालुका लागतो. तेव्हां हा कारखाना आपला शेजारीच आहे, व त्याचा इतिहास जाणून घेण्यास आपणांस तेवढें कारण पुरें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, कायद्याच्या दृष्टीनें कंपनी ही एक स्वतंत्र व्यक्ति असते. तिच्या नांवें जमीन घेतां येते, कर्ज काढतां येतें, तिच्यावर दावाहि लावतां येतो. भागधारक मरतात, चालक बदलतात, पण कंपनी राहते. ती नांव बदलूं शकते, धंदा बदलूं शकते, आणि दुसऱ्या कंपनींत मिळूनहि जाऊं शकते. या मिळून जाण्यास विलीनीकरण म्हणतात. तें झालें म्हणजे मिळणाऱ्या कंपनीचीं यंत्रें, येणें, देणें व करारमदार हीं सर्व दुसरीकडे जातात, तिच्या भागधारकांस बहुधा नव्या कंपनीचे भाग मिळतात, आणि तिचें स्वतःचें नांव पुसलें जातें. पूर्वीं यास उच्च न्यायालयाची संमति लागे. २०१६ पासून हें काम राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाकडे आहे.

आपल्या तालुक्याच्या एका अंगास भीमा व दुसऱ्या अंगास सीना वाहते. खालीं हत्तरसंग-कुडल येथें सीना भीमेस मिळते. तेथून पुढें सीनेचें नांव कोणी घेत नाहीं, पण तिचें पाणी कांहीं नाहींसें झालेलें नसतें. विलीनीकरणाची कल्पना येण्यास याहून चांगला दाखला मला सुचत नाहीं.

आतां मूळ कथेकडे वळूं. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरांत झाला. वडिलोपार्जित धंदा सावकारी व व्यापार यांचा. त्यांत त्यांचें मन रमेना. लक्ष्मणराव बळवंत फाटक या पूर्वीं रेल्वेंत कारकुनी केलेल्या गृहस्थांशीं त्यांनीं भागीदारी केली व रेल्वेचीं कंत्राटें घेण्यास आरंभ केला. त्यांच्या अगदीं पहिल्या कामांपैकीं एक म्हणजे बार्शी लाइट रेल्वेवरील येडशी व तडवळे यांच्या दरम्यानचा रस्ता. कुर्डुवाडीहून निघणारी ती अडीच फूट रुंदीची गाडी आपल्यांतील वडीलधाऱ्यांना चांगली आठवत असेल. एवढ्या मोठ्या उद्योगाचा आरंभ आपल्या या लहानग्या गाडीच्या रुळांवर झाला, हें मुलांस सांगतांना मला नेहमीं कौतुक वाटतें.

लहान कामास लहान भांडवल पुरतें. मोठ्या कंत्राटास अनामत रक्कम भरावी लागते, यंत्रें आधीं विकत घ्यावीं लागतात, आणि हजारों मजुरांची मजुरी बिल मिळण्यापूर्वींच द्यावी लागते. दोघां भागीदारांची पत तेथें अपुरी पडे. म्हणून १९२० च्या सुमारास फाटक-वालचंद यांची कंपनी टाटांच्या सहकार्यानें निघालेल्या टाटा कन्स्ट्रक्शन कंपनींत सामील झाली. या कंपनीनें पुढें बोरघाटांतील रेल्वेच्या बोगद्यांचें काम केलें. माढ्याहून मुंबईस जातांना खंडाळ्याच्या पुढें डब्यांत अंधार होतो, तेव्हां या एकत्रीकरणाची आठवण ठेवण्यास हरकत नाहीं! १९३५ मध्यें टाटांनीं आपले भाग काढून घेतले व कंपनीचें नांव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झालें. मनुष्यें तींच, काम तेंच. पाटी मात्र तिसरी.

याच परिवारांत मार्सलंड प्राइस नांवाची आणखी एक कंपनी आली. ती नोंदली गेली होती १९०८ सालीं, आणि तिचा धंदा बांधकामाचा होता. कळंबची जमीन घेऊन ऊस लावण्याचें व साखर कारखाना चालविण्याचें काम याच कंपनीकडे आलें. पुढें तिनें गांवाचें नांव धारण केलें आणि ती वालचंदनगर इंडस्ट्रीज झाली. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच. १९०८ हें वर्ष कागदावरील व्यक्तीच्या जन्माचें आहे, कारखान्याच्या जन्माचें नव्हे.

पण साखर करणारी कंपनी यंत्रें करूं लागली कशी? ज्यानें गुऱ्हाळ पाहिलें आहे त्यास हें समजण्यास अडचण पडणार नाहीं. तेथें चरकाच्या लाटा असतात, काहील असते, खालीं चुलाण असतें. साखर कारखाना म्हणजे हेंच, पण शेकडों पटींनीं वाढविलेलें. लोखंडी लाटांच्या जोड्या एकापुढें एक. निघालेलें चिपाड बॉयलरखालीं जाळावयाचें, त्या वाफेवर लाटा फिरवावयाच्या, व उरलेल्या वाफेवर बंद भांड्यांतील हवा काढून टाकून रस कमी उष्णतेंत आटवावयाचा. ऊस गाळून लाटांच्या खांचा झिजतात. प्रत्येक हंगामानंतर त्या पुन्हा कातून घ्याव्या लागतात. म्हणून साखर कारखान्याजवळ चांगलें वर्कशॉप असावेंच लागतें. जो कारागीर लाट नीट करतो, बॉयलरची नळी बदलतो, दाब सहन करणारें भांडें सांधतो, तो तींच नवीं घडविण्यास शिकतो. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रांत सहकारी साखर कारखाने निघूं लागले (पहिला १९५० च्या सुमारास प्रवरानगरास) व यंत्रांस मोठें गिऱ्हाइक मिळालें. वालचंदनगरनें साखरेचीं यंत्रें बांधलीं, मग सिमेंटचीं, बॉयलर, अणुवीजकेंद्रांचे भाग. आणि पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या मोटारींचीं पोलादी कवचेंहि तेथें घडलीं आहेत.

या ओघास आणखी एक सीना मिळाली. सातारा रोड येथें धनजीशा कूपर यांनीं इंजिनिअरिंगचा कारखाना काढला होता. हेच गृहस्थ १९३७ मध्यें कांहीं महिने मुंबई इलाख्याचे मुख्य मंत्री होते. त्यांच्या कारखान्यांत नांगर होत, पुढें डिझेल इंजिनें होऊं लागलीं. ओतकामांत त्या कारखान्याचा हात बसलेला होता, व यंत्र बांधणाऱ्यास चांगल्या ओतशाळेची गरज असतेच. कूपर इंजिनिअरिंग प्रथम वालचंद यांच्या समूहांत आली व नंतर वालचंदनगर इंडस्ट्रीजमध्यें विलीन झाली; सातारा रोडची ओतशाळा त्या कंपनीचा एक विभाग बनली.

मात्र कंपन्या जोडल्या म्हणजे बळ वाढतेंच असें समजूं नये. अमेरिकेंत १९०१ सालीं चार जुने यंत्रकारखाने एक करून अ‍ॅलिस-चामर्स ही कंपनी निघाली. वाफेच्या इंजिनांपासून ट्रॅक्टरांपर्यंत तिनें सारें केलें. पण १९८५ मध्यें तिला आपला ट्रॅक्टरांचा धंदा एका जर्मन कंपनीस विकावा लागला, आणि थोड्याच वर्षांत बाकीचेहि तुकडे झाले. माझ्या मतें सातारा रोडचें जोडकाम सयुक्तिक होतें, कारण एकाचें कौशल्य दुसऱ्यास हवें होतें. केवळ आकार वाढविण्याकरितां केलेली जोड निराळी.

पालकांच्या मनांत मात्र दुसराच प्रश्न येतो, व तो रास्त आहे. मालक बदलला, नांव बदललें, तर नोकराच्या सेवेचीं वर्षें कोणाच्या खात्यांत जातात? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाहीं. बार्शी लाइट रेल्वे ही खाजगी कंपनी होती. १ जानेवारी १९५४ रोजीं ती सरकारनें घेतली व भारतीय रेल्वेंत मिळून गेली. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधील माणूस आदल्या सायंकाळीं कंपनीचा नोकर होता, दुसऱ्या सकाळीं सरकारचा झाला. ज्यांच्या घरीं पणजोबा-आजोबांचे रेल्वेंतील जुने कागद असतील, त्यांनीं ते जपून ठेवावे व शाळेंत एकदां दाखवावयास आणावे; एकाच मनुष्याच्या कागदांवर दोन मालकांचीं नांवें मिळण्याचा संभव आहे.

तडवळ्याचा तो अरुंद रूळ आतां नाहीं; तेथून रुंद मार्गाची गाडी लातुरास जाते. टाटा कन्स्ट्रक्शन, मार्सलंड प्राइस, कूपर इंजिनिअरिंग हीं नांवें या परिवाराच्या पाट्यांवरून गेलीं. आणि ज्यांच्या भागीदारीपासून हें सर्व सुरू झालें, त्या लक्ष्मणराव फाटकांचें नांव तर १९२० च्या त्या पहिल्या एकत्रीकरणांतच गळालें होतें.