पॉइन्सेटियाची रात्र

डिसेंबरात रोपवाटिकेत पॉइन्सेटियाच्या लाल कुंड्या मांडल्या की येणारे-जाणारे ‘फूल काय सुंदर आहे’ म्हणतात. लाल दिसतात ती पानं. फूल बघायला शेंड्याशी वाकावं लागतं. तिथे पाच-सहा मिलिमीटरच्या हिरवट-पिवळ्या वाट्या असतात आणि प्रत्येकीच्या कडेला ओठांसारखी एक पिवळी ग्रंथी, मधाने चकाकणारी. विकत घेताना मी आधी या वाट्या बघते. त्या मिटलेल्या असतील तर लाली बरेच आठवडे टिकते. पराग सांडून गळायला लागल्या असतील तर कुंडी तिथेच ठेवावी.

हे झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथे ते दहा-बारा फूट उंच, अस्ताव्यस्त वाढतं. 1820च्या दशकात जोएल पॉइन्सेट या अमेरिकी राजदूताने ते आपल्या देशात नेलं. कुंडीतल्या जाती इतक्या गच्च फुटतात त्याचं कारण 1997 साली सिद्ध झालं: त्यांच्या अन्नवाहिन्यांत फायटोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्मजीव राहतात. एरवी पिकाला रोग देणाऱ्या कुळातले हे जीव इथे झाडाला फांद्या देतात, हे मला फार विलक्षण वाटतं.

पावसाळ्यात बोटभर जाडीच्या फांद्यांपेक्षा कोवळ्या शेंड्यांची कलमं चांगली लागतात. कापलं की पांढरा चीक वाहतो. तो हाताला, डोळ्याला लागू देऊ नये; काप पाण्यात बुडवला की चीक थांबतो. रोप धरलं की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फुटवे येतात. गणपतीच्या सुमारास शेवटचं खुडणं. त्यानंतर कात्रीला हात लावायचा नाही, कारण रंग धरणारे शेंडे आता तयार व्हायचे असतात. पानाखाली पांढरी माशी बघत राहावी. दिसली की निंबोळी तेल.

खरी राखण सुरू होते नवरात्रात. रात्र बारा तासांपेक्षा मोठी व्हायला लागली की झाडाला कळी धरायची वेळ कळते, पण त्यासाठी रात्र सलग काळी हवी. मधेच दिवा लागला तर झाडाला ती रात्र छोटी वाटते. आमच्या गच्चीत रस्त्याच्या दिव्याकडची कुंडी हिरवीच राहते आणि टाकीमागची लाल होते. त्यात दिवाळी नेमकी याच दिवसांत! आकाशकंदील मी काढत नाही, कुंड्या हलवते. संध्याकाळी साडेपाचला उलटा खोका, सकाळी आठला काढायचा, पुढे दिवसभर भरपूर ऊन. एकही संध्याकाळ चुकवायची नाही.

काही आठवड्यांनी पहिलं पान बदलतं. देठाकडून लाली चढते. मधे अर्धं हिरवं, अर्धं लाल असं एखादं पान असतं. सगळ्यांनी पूर्ण झाड बघावं, मी मात्र ते पान बघायला रोज जाते.

जानेवारीनंतर ही झाडं कचऱ्यात जातात, याचं वाईट वाटतं. रोपवाटिकेत ती औषधाने ठेंगणी ठेवलेली असतात. पुढच्या वर्षी अंमल उतरला की उंच होतात, आणि लोकांना वाटतं झाड बिघडलं. मार्चमध्ये वीतभर ठेवून छाटावं, जूनपासून पुन्हा शेंडे खुडत राहावं.