डेलियाच्या गळ्यातली नायलॉनची दोरी

"घट्ट बांध, नाहीतर वाऱ्याने पडेल!" डेलियाला कळ्या धरू लागल्या की हे वाक्य दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गच्चीवर कानावर पडतं. पुढे तीच मंडळी विचारतात, एवढं बांधूनही मोडलं कसं?

अहो, तसं बांधलं म्हणूनच मोडलं. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंच्या कुंडीतली नायलॉनची दोरी मी कात्रीने कापली. खाली खोडाभोवती खोल तपकिरी वळ, त्यात दोरीचा पीळसुद्धा उमटलेला. खोड जाड होत गेलं, दोरी होती तेवढीच राहिली. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून कंदांकडे उतरतं. ती वाटच आवळली गेली होती. त्यात डेलियाचं खोड पोकळ. एका जागी करकचून धरलं की वाऱ्याचा सगळा ताण तिथेच येतो आणि गाठीच्या वर ते कडकन मोडतं.

झाड जरासुद्धा हलू नये, हा हट्ट आता सोडायला हवा. डोलण्याने खोड बळकट होतं. वाऱ्याने, स्पर्शाने रोपांची उंची कमी राहते आणि खोड बहुधा जाड होतं. मार्क जॅफ या शास्त्रज्ञाने १९७३ साली यावर शोधनिबंध लिहिला आणि या प्रतिसादाला 'थिग्मोमॉर्फोजेनेसिस' असं नाव दिलं.

जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी घ्या. आधी काठीला पक्की गाठ मारा, मग पट्टीला एक पीळ देऊन ती खोडाभोवती सैल फिरवा. पीळ काठी आणि खोड यांच्या मधोमध आला की साल घासत नाही. वेढ्यात करंगळी सहज फिरली पाहिजे. काकूंच्या रोपाला वळाच्या खालून दोन फुटवे आलेत, त्यांना आम्ही असंच बांधलंय.

काठीही विकतची लागत नाही. तुराट्या, पऱ्हाट्या, बांबूच्या कामट्या, मोडक्या झाडूचा दांडा, काहीही चालतं. शेवंतीला तर कुंडीच्या कडेने चार तुराट्या खोचून सुतळीचे दोन वेढे दिले की पुरे.

"कळ्या आल्या की काठी लावू" म्हणाल, तर तोवर मातीत कंद पसरलेले असतात आणि काठी त्यांच्यातूनच आरपार जाते. लावणीच्या दिवशीच रोवा. युरियाने खोड भक्कम होत नाही. जादा नत्राने ते लांब, लुसलुशीत होतं आणि लवकर कोलमडतं. आणि गिरिपुष्पाची हिरवी फांदी रोवू नका, ती कुंडीत मूळ धरते. आधी वाळवा.